लोटलेलं दार

ताई,

परवा सकाळी देवाचं नाव घेऊन सोसायटीतली ती भाड्याची जागा पाहून आलो. नववा मजला, पण लिफ्ट आहे. माझ्या खोलीचा जिना आईला चढवत नाही, आणि तुझी कंबर आता तिला उचलू देत नाही.

एजंट म्हणाला, "काका, दार आपोआप लागतं. चोराची चिंताच नको."

"नुसतं लोटून ठेवता येईल का?"

"लोटून? कुणासाठी? इथे कोणी कोणाकडे जात नाही."

आई जन्मभर सांगत आली, "दार लोट रे, लावू नकोस. देव काय किल्ली घेऊन येतो?" तिचं ते आठवलं, तेवढ्यात पाठीमागे ते दार खटकन लागलं. मी दिवसभर कामावर असणार, आणि ती आत एकटी.

हे कळलं तर तू तिला पाठवणार नाहीस, म्हणून पत्र माझ्यापाशीच राहील. दुसरी जागा मिळत नाही. आज करारावर सही केली. सामान आत नेण्याआधी फटीत माझी जुनी चप्पल अडकवली. दार लोटलेलं आहे.

तुझा धाकटा,
एका पायात चप्पल घालून बसलेला