आमच्या घरची थुंकी मिळणार नाही

३ जून, सोमवार
वेलिंग्टनहून ब्रिजेट नावाची पोरगी आली. विद्यापीठातली. ऑटिझम पिढ्यांमधून कसा उतरतो ते शोधतायत म्हणे. माझी नात रंगीमारिए, तिची आई म्हणजे माझी लेक हुइया आणि मी, तिघींची थुंकी हवी. नळी ठेवली कुठं, तर जेवणाच्या टेबलावर, ब्रेडशेजारी! म्हटलं, "बाई, थुंकी म्हणजे अंगाचा अंश. आम्हा माओरींत ती अन्नाजवळ ठेवत नाहीत." बिचारी तासभर नळी हातात धरून बसली. चहा मिळाला नाही. नळी हातात असताना कसा देणार?

रंगी वीस वर्षांची, ऑटिस्टिक. तिनं बावीस पानांचा फॉर्म दोनदा वाचला आणि "नको" म्हणाली. मीही तेच म्हणणार होते.
निश्चय: या घरातून थेंबसुद्धा जाणार नाही.

९ जून, रविवार
कुळाच्या सभाघरात बैठक. आमच्यात वंशावळ एकट्याची नसते, मग ठरवायचं तेही सगळ्यांनी. मी उभी राहिले. शाळा चौथीपर्यंत, बाकी जन्म मेंढ्यांची लोकर उचलण्यात गेला, पण बोलले. "आज कारण शोधतील, उद्या पोटातच निवडानिवड करतील. आमची रंगी त्यात गाळली गेली असती. मग नदीतल्या ईल माशांची मोजणी कोण करणार होतं, तुम्ही? तुम्हाला स्वतःची पोरं मोजता येत नाहीत." हशा. कुळातल्या कुठल्याही घरातून थुंकी न देण्याचा ठराव एकमतानं मंजूर. रंगी मागं गप्प बसली होती. तिच्या वतीनं बोलायला कुणीतरी हवंच.

१७ जून, सोमवार
उत्तरेकडच्या नणंदेचा, माकेरेचा फोन. तिनं थुंकी दिली! वर म्हणते, "वहिनी, आमच्या कुळात असलं काही नाही. तुमच्या वाइरोआच्या माणसांकडूनच आलंय. आता शास्त्रच सांगेल." माझा नवरा पाराटेने हा हिचाच सख्खा भाऊ. चाळीस वर्षं रोज सव्वापाचलाच जेवला. मटण भाज्यांना टेकलं तर ताट ढकलायचा. ते काय वाऱ्यानं आणलं?
ऑटिझम हा काही कलंक नव्हे, हे मी बैठकीत सांगितलंच आहे. पण आला असेल तर त्यांच्याकडूनच.

१८ जून
शांत डोक्यानं विचार केला. ठराव "घरातून" न देण्याचा होता. घराबाहेर जाऊन दिली तर मोडत नाही. शिवाय तोंड माझं.

२२ जून, शनिवार
दिली. पेट्रोल पंपामागं, ब्रिजेटच्या गाडीत. खाण्याची वस्तू जवळ नव्हती, म्हणजे नियम पाळला. तिनं विचारलं, "मावशी, घरच्यांशी बोललात ना?" म्हटलं, "घर म्हणजे मीच." सही ठोकली. पानं वाचली नाहीत. चष्मा घरी होता, आणि असता तरी वाचली नसती. ही काही फितुरी नव्हे. रंगीचाच बचाव आहे.

२१ ऑगस्ट, बुधवार
विद्यापीठाचं आभारपत्र आलं. टपाल रंगीच फोडते, कुणी दुसऱ्यानं फोडलेलं चालत नाही. वाचून म्हणाली, "आजी, तुझ्या थुंकीत चौथा हिस्सा माझा आहे. मी नको म्हटलं होतं." म्हटलं, उगाच हिशेब घालू नकोस. मग तिनं कधी, कुठं, कुठल्या गाडीत, सगळं माझ्याकडून वदवून घेतलं.
तरी ब्रिजेटला फोन केला. परत दे म्हटलं. म्हणाली, नळी नष्ट करते, पण थुंकीतून वाचलेली माहिती सिडनीला गेलीय, ती आता निघणार नाही. नवव्या पानावर लिहिलंय म्हणे. बरं, मग निदान सांग, कुणाकडून आलं? तर म्हणते, "ते आम्ही कुणालाच सांगत नाही, मावशी. बाराव्या पानावर आहे."
माकेरेला कळवायची घाई नाही.

२५ ऑगस्ट, रविवार
बैठक. रंगी उभी राहिली. मला वाटलं, झाकून घेईल. तिनं तारीख सांगितली, पेट्रोल पंप सांगितला, गाडीचा रंगसुद्धा सांगितला. कुणी हसलं नाही. हुइया छताकडं बघत होती.
मी म्हटलं, जे केलं ते तुझ्यासाठीच केलं, आणि त्याची मला लाज नाही.
तिनं विचारलं, नळी भरायला किती वेळ लागला?
म्हटलं, दहा मिनिटं. तोंड कोरडं पडलं होतं.
ती म्हणाली, "मला विचारायला एक लागलं असतं."