ठोकळा वळवायचं बटण

६ नोव्हेंबर २०००, सोमवार
पट्टी निघाली. उजवा अंगठा आहे माझाच, पण ऐकत नाही! डाव्या हाताने लिहितेय, म्हणून अक्षर हे असं.

७ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, "शीर शिवली, आता ताकद तुम्ही आणायची. पण जपून. पुन्हा सुटू शकते." दाबायला मऊ चेंडू दिलाय. दोनदा दाबला. कंटाळा.

१० नोव्हेंबर
बँकेतून राधाचा फोन. कॅशला माझ्या शेजारी बसते ती. शाखेत म्हणे व्हीआरएसशिवाय दुसरा विषय नाही, एकरकमी पैसे घेऊन मुदतीआधी निवृत्त व्हायचं. "आनंदी, तू घेतेयस ना?" घेतेयस ना! वारज्यात बिल्डिंगवाल्यांच्या खडीवर लूना घसरली, काचेवर हात पडला, की लगेच सगळ्यांनी मला घरी बसवलं.
हेही तेच म्हणाले. "अगं, सरकारच सोडतंय तर सूट की."
कशातून सुटायचंय मला? ते नाही विचारलं.

१३ नोव्हेंबर
लेकीच्या, अपेक्षाच्या कपाटात तिचा ठोकळ्यांचा गेम सापडला. शाळेत असताना हातातून सुटायचा नाही, इंजिनिअरिंगला गेल्यापासून पडून आहे. सेल घातले. चालू! वरून ठोकळे पडतात. डाव्या अंगठ्याने सरकवायचे, उजव्याने मोठं पिवळं बटण दाबून वळवायचे. माझा अंगठा बटणावर नुसता टेकला. ठोकळे पडले तसे साठले. खेळ खलास.
पुन्हा. खलास.

१४ नोव्हेंबर
खलास.

२२ नोव्हेंबर
वळला! उभा ठोकळा आडवा झाला! घरात सांगायला कोणी नाही. कुकरची शिट्टी झाली, तीच शाबासकी.

४ डिसेंबर
चेंडू कुठे ठेवलाय आठवत नाही. सकाळी यांची कंपनीची बस गेली की मी आणि ठोकळे. अंगठ्याचं टोक अजून बधिर, बटणाचा दाब कळत नाही. ठोकळा वळला की समजायचं, दाबलं गेलं.
संध्याकाळी हे दारात उभे. "आज जेवायला भाजी आहे, की ठोकळेच वाढणार?"
"दोन्ही आहे. हात धुवा."

१८ डिसेंबर
उजव्या हाताने! बघ रे पाना, उजव्या हाताने लिहितेय! वाकडं आहे. असू दे.
पिवळ्या बटणावरचं अक्षर पुसून गेलंय. कड गुळगुळीत झालीय, मधे खळगा पडलाय. अपेक्षा म्हणाली, "आई, मी पाच वर्षांत एवढं नाही झिजवलं!" ती ओरडत होती, मला मात्र पदक मिळाल्यासारखं वाटलं. पहिल्या दिवशी नुसता टेकलेला अंगठा तो हाच!

२९ डिसेंबर
बटण मधूनमधून अडकतं. जोर वाढवला. जमतंय.

२ जानेवारी २००१, मंगळवार
ठोकळा वळत नाही. सकाळपासून. किती दाबलं! अंगठा लालबुंद झाला, एकही वळला नाही. मी जिथे होते तिथे परत आले.
शीर सुटली असणार. दुसरं काय!
व्हीआरएसच्या अर्जाची शेवटची तारीख शुक्रवार. हे जेवत होते, त्यांना सांगितलं, "आणा तो अर्ज. भरते." एवढे दिवस मागे लागले होते. आज घास हातात धरून नुसते बघत राहिले. "नीट विचार केलास ना?" म्हणाले.
हे डाव्या हाताने लिहितेय. उजव्यावर विश्वास नाही उरला.

३ जानेवारी
रडत बसले होते. मला वाटलं होतं, घरात कोणी नाही. अपेक्षा कॉलेजातून लवकर आली. सगळं सांगितलं. तिने गेम घेतला आणि खेळायला लागली. मला रागच आला, आई रडतेय आणि ही खेळतेय! तर हिचेही ठोकळे पडले तसेच साठत गेले. बटण अंगठ्याने दाबलं, बोटाने दाबलं, शेवटी टेबलावर ठेवून तळहाताने दाबलं. काही नाही.
"आई, अंगठा नाही गेला तुझा. बटण गेलंय! मेलं ते! तू मारलंस!"
बिघडलेल्या वस्तूचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता. दोघी हसत सुटलो. मग मुद्दाम पेन उजव्या हातात घेतलं. हे काय, चालतंय की!
रात्री यांना म्हटलं, "अर्ज नको. मी बँकेत जाणार आहे."
"काल तर..."
"काल बटण खराब होतं."

६ जानेवारी
बुधवार पेठ. एजाजभाईंचं दुकान वीतभर, रिमोट आणि कॅलक्युलेटर दुरुस्तीचं. गेम उघडून दाखवला. बटणाखाली रबर, रबराच्या तळाला काळा ठिपका. तो खाली टेकला की करंट जातो. बाकीच्या बटणांचे ठिपके शाबूत, पिवळ्याचा झिजून साफ.
"मुलं दणादण खेळतात वाटतं?"
"मी खेळते."
एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा अंगठ्याच्या व्रणाकडे. "नवीन घ्या की ताई. आता काय काय गेम आलेत!"
"नवीन नको. हाच चालू करून द्या."
दुसऱ्या एका मेलेल्या गेमचं रबर काढून बसवलं. देताना म्हणाले, "आता जरा हळू दाबा."
हळू? मुळीच नाही!

१५ जानेवारी, सोमवार
रुजू झाले. मॅनेजर म्हणाले, "कॅश कशाला, पासबुकं भरा. हलकं काम." म्हटलं, "साहेब, कॅशच द्या. जड वाटलं तर सांगेन."
पहिलं बंडल मोजताना नोटा चिकटल्या, आकडा चुकला, पुन्हा पहिल्यापासून. रांगेत आप्पासाहेब, आमचे जुने खातेदार. "बाई, आज होईल ना?"
"होईल. घाई असेल तर उद्या या."
थांबले. झालं! राधाने शेजारून टेबलाखाली माझा पाय दाबला.

१९ जानेवारी
बँकेतून आले तर हे घरी. पिंपरीला कंपनीने यांचा अख्खा विभागच बंद केला. दिवाळीपासून कुणकुण होती म्हणे. घरात बोलले नाहीत. माझे व्हीआरएसचे एकदम पैसे आले तर निभेल, असं मनात धरून बसले होते.
"तू ऐकलं नाहीस माझं," म्हणाले, "म्हणून घरात एक पगार तरी उरला."
चहा केला. दोघं शेजारी बसून प्यायलो.
उद्या शनिवार, बँक अर्धा दिवस. डबा एकच भरायचा.