आईच्या नावाची चिठ्ठी

९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय मावशी,

नमस्कार. तिकडे थंडी लवकर पडते, म्हणून कानाला रुमाल बांधून बसली असशील असं समजते. आम्ही सगळे ठीक. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

तुझे फोन आले होते. मी घेतले नाहीत. दुकानात गडबड आहे हे खरं, पण ते कारण नव्हतं. कारणाकडे येते. आधी दुकानाचं सांगते, म्हणजे हात जरा मोकळा होईल.

पुढच्या महिन्यापासून डॉक्टरांच्या कागदी चिठ्ठ्या बंद. डॉक्टर कॉम्प्युटरवर औषध लिहिणार, पेशंटने कुठल्याही औषधाच्या दुकानात जाऊन आपला नंबर सांगायचा, की चिठ्ठी स्क्रीनवर हजर. तुमच्या शहरात हे कधीच सुरू झालंय, आमची पाळी आत्ता आली. त्या तयारीत जीव मेटाकुटीला आलाय. रॅकमधल्या एकेका औषधाचं नाव नव्या यादीतल्या नावाशी जुळवायचं, जास्तीचं इंटरनेट घ्यायचं, वीज गेली तर काय करायचं ते लिहून भिंतीवर लावायचं. बारकोड वाचायच्या यंत्राला बाबा ‘पिस्तूल’ म्हणतात. गिऱ्हाईक समोर उभं असताना ओरडतात, "पिस्तूल आण गं!" आणि नवीन माणूस दचकून मागे सरकतो. समोरच्या दवाखान्यातले म्हातारे डॉक्टर रोज येऊन कुरकुरतात. परवा म्हणाले, "माझं अक्षर तुमच्याशिवाय कुणाला लागत नाही, म्हणून तर आपलं दोघांचं चाललं होतं." बाबा खो खो हसले.

बाबांना हसताना बघितलं की हल्ली मी रॅककडे तोंड फिरवते.

मावशी, शिकवायला एक बाई आल्या होत्या. म्हणाल्या, सरावाला गिऱ्हाइकाचा नंबर नको, घरातल्याच कुणाचा तरी टाका. आईचा नंबर मला पाठ आहे, मी तो टाकला. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या मीच तर देते, तेवढीच एक ओळ येईल असं वाटलं होतं.

स्क्रीन भरून ओळी आल्या. तुमच्या शहरातलं कॅन्सरचं हॉस्पिटल. तुझ्या घराजवळच्या चौकातलं औषधाचं दुकान. त्या ओळींतल्या गोळ्या आमच्याकडे क्वचितच मागवाव्या लागतात, आणि त्या घ्यायला जो येतो त्याच्याशी मी आपोआप हळू आवाजात बोलते. कसल्या गोळ्या, कुठपर्यंत पोचलेल्या आजाराला देतात, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तारखा बघितल्या. आई जेव्हा जेव्हा "मावशीला सोबत म्हणून" तुझ्याकडे आली, तेव्हाच्या.

शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "दिसलं का नीट?"

मी म्हटलं, "दिसलं."

फोन का घेतले नाहीत, ते आता कळलं असेल. काका गेल्यापासून तुला एकटं वाटतं, असं आई सांगायची आणि आम्ही मान डोलवायचो. बाबा तर म्हणाले होते, "बिचारीला इकडेच घेऊन ये ना." बिचारी तू होतीस, मावशी! आणि तू ते चालवून घेतलंस. जेवण कमी झालं तर आई म्हणायची, पित्त झालंय. घरात औषधं जाणणारी दोन-दोन माणसं, आणि आम्ही तिला पित्ताच्या गोळ्या देत होतो.

मी तिला काही बोलले नाही. बाबांनाही नाही. दुसऱ्याची चिठ्ठी बघून ती घरी नेऊन बोलायची नाही, हे बाबांनीच मला शिकवलंय. पण खरं सांगू, नियम वगैरे नंतरचं. मला भीती वाटत होती. विचारलं तर ती खरंच सांगेल याची.

काल दुपारी बाबा माल आणायला गेले होते आणि आई डबा घेऊन दुकानात आली. नव्या पद्धतीत प्रत्येक पेशंटला विचारावं लागतं, की दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्याही आमच्या दुकानाला दिसू द्यायच्या का. ‘नाही’ टाकेपर्यंत सगळं दिसतं. मी तिला विचारलं.

"नाही म्हटलं तर?"

"तर आम्ही देतो तेवढंच दिसेल."

"मग नाही टाक."

मी ‘नाही’ टाकलं. तिचं ते पान मिटलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

"परवा ते पेन्शनवाले आजोबा नाही म्हणाले, तर तू डबा गार होईपर्यंत त्यांची समजूत काढत होतीस. मला एका शब्दाने विचारलं नाहीस, का म्हणून."

मी डबा उघडायला लागले.

"बघितलंस तू."

"हो."

"बाबांनी?"

"नाही."

ती काउंटरच्या आत आली, मागच्या खोलीत खोक्यांवर बसली. मी दार लोटलं. म्हणाली, "तुम्ही दोघं दिवसभर आजारी माणसांशी बोलता. घरी आल्यावर एक तरी माणूस धडधाकट असावं, असं वाटायचं मला." मग म्हणाली, "मशीनला विचारलंस ना, आता मला विचार."

इतक्या दिवसांत मी मनात काय काय प्रश्न मांडून ठेवले होते! तोंडातून निघालं एवढंच, "दुखतं का गं?"

"पाठ दुखते. आडवं झालं की जास्त."

मी विचारलं, आता ‘हो’ करू का, मला लक्ष ठेवता येईल. ती एकदम कडक आवाजात म्हणाली, "नको. तुझ्या दुकानात मला गिऱ्हाईक व्हायचं नाही." ते ‘नाही’ मी तसंच ठेवलंय.

आज सकाळी चहा झाल्यावर तिने बाबांना सांगितलं. मी तिथेच होते. बाबांनी कप खाली ठेवला. मग काउंटरवर विचारतात त्याच आवाजात म्हणाले, "गोळ्या जेवून घेतेस की उपाशीपोटी?" आई म्हणाली, "जेवून." ते म्हणाले, "बरं." परत थोड्या वेळाने म्हणाले, "जेवून ना?" आणि मग बाबांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, ते पाहिलं.

आत्ता दोघं आत आहेत. बोलण्याचा आवाज येतोय, शब्द कळत नाहीत. ऐकायला जायचं नाही, म्हणून तुला लिहायला बसले.

यावेळी तपासणीला आईबरोबर मी येणार आहे. दुकान बाबा आणि त्यांचं पिस्तूल बघतील. उतरायला तुझ्याकडेच येऊ, दुसरीकडे कुठे जाणार?

माझा राग गेलेला नाही, मावशी. तिला शब्द दिला होतास, तो तू पाळलास, हे डोक्याला पटतं. पण आम्ही तिला पित्ताच्या गोळ्या देत होतो, हे आठवलं की परत पेटते.

एक मात्र मला हवंय, आणि ते पत्रातच लिही, समोर नको. पहिल्यांदा डॉक्टरांनी तिला सांगितलं, त्या खोलीत तू तिच्याजवळ होतीस ना? की बाहेर बाकावर बसायला सांगितलं होतं तुला? ती एकटी नव्हती, एवढं लिही. खरं असेल तरच लिही.

दरवेळी शेवटी ‘तुझी लाडकी’ लिहिते. आज हात होत नाही.

तुझ्या बहिणीची
मुलगी