पडद्याआडची चौकशी

तीर्थस्वरूप ताईस धाकटीचा शिरसाष्टांग नमस्कार आणि थोडा संशय.

मी इकडे बरी आहे. तू तिकडे बरी आहेस, असं तू एकाच पत्रात तीनतीनदा लिहिलं आहेस. जी खरंच बरी असते ती एकदा लिहिते आणि पुढे नवऱ्याच्या तक्रारी सांगते. तुझ्या पत्रात भावजींविषयी एकही तक्रार नाही. ताई, तुझ्या प्रकृतीचं तू माझ्यापासून काहीतरी लपवते आहेस, आणि ते काढून घेतल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. पण आधी इथलं ऐक.

गेल्या आठवड्यात आमच्या शिवणाच्या कारखान्यात दवाखान्यातून एक नर्सबाई आल्या. बायकांच्या छातीच्या कॅन्सरची तपासणी, तीही फुकट. (फुकट म्हटलं की मी आधी पर्स काखेत घट्ट धरते.) मालकांनी कापड बेतायच्या टेबलामागे पडदा लावून दिला. पहिलीला आत घेतलं मात्र, आणि बाहेरची सगळी मशिनं एकदम थांबली. वीज गेली नव्हती. पाळी कितव्या वर्षी आली, पहिलं मूल कधी झालं, अंगावर किती दिवस पाजलं, पाळी गेली की आहे, असं सगळं बाई विचारत होत्या. माझं लग्न ठरताना सासरच्यांनीही एवढी चौकशी केली नव्हती, आणि ती माणसं चार घरं फिरून माझा स्वभाव विचारून आली होती. कॅन्सरला माझ्या पाळीशी काय करायचंय? मला वाटलं, ही बाई नर्स नसून कुणाच्या तरी स्थळाची माहिती काढायला आली आहे.

बाहेर कान टवकारलेले, त्यामुळे आत खरं कोण बोलणार? आमची काजंबटणं करणारी वर्षानुवर्षं वय चोरते. तिने आतही तेच चोरलेलं वय सांगितलं, मुलाचं मात्र खरं सांगून बसली. हिशेब केला तर तिचा थोरला तिला पाळी येण्याआधीच जन्मलेला निघाला. नर्सबाईंनी बोटांवर पुन्हा एकदा मोजून पाहिलं.

मग माझी पाळी आली, म्हणजे नंबर. मुलं नाहीत म्हटल्यावर बाईंनी मान हलवली. माझी खात्रीच पटली की हिला माझ्या चुलतसासूबाईंनी पाठवलं आहे. वर त्या म्हणाल्या, पाळी लवकर आली, उशिरा गेली, मूल झालं नाही किंवा फार उशिरा झालं, तर धोका थोडा वाढतो. बघ, पाळणा का हलला नाही हे आता रोगसुद्धा विचारायला लागला! मी फणकाऱ्याने म्हटलं, मग माझी ताई सुटली. तिला विशीतच पहिलं झालं, तिघांनाही तिने भरपूर पाजलं.

तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "धोका कमी म्हणजे धोका नाही, असं नसतं हो," त्या म्हणाल्या. "तीन मुलांच्या आयासुद्धा येतात माझ्याकडे. उशिरा येतात, कारण त्यांना वाटतं आपण सुटलो."

मी त्यांच्या दवाखान्यात जाऊन यंत्रावर तपासून घेतलं. काही निघालं नाही. (यंत्र चालू होतं ना, हे मी दोनदा विचारलं.) भावजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. मापाला पाठवलेलं तुझं ब्लाउज मिळालं. नव्यात डावी काख सैल ठेव, कापड आटलं आहे, असं तू लिहिलंस. ताई, मी शिवण करते. एकाच कापडाची डावी बाजू आटते आणि उजवी आटत नाही, असं कापड अजून माझ्या हातात आलेलं नाही. तिथे काय लागतंय तुझ्या हाताला? कधीपासून?

आणखी एक. त्याच नर्सबाईंकडे गुरुवारी सकाळी तुझा नंबर लावला आहे. तू सबबी सांगशील हे ठाऊक असल्यामुळे भावजींना फोन केला. ते फोनवर रडले. म्हणजे त्यांना माहीत होतं, फक्त मलाच नव्हतं.

शेवटचं. ब्लाउज नंतर शिवू. मला फार भीती वाटते आहे, ताई. बुधवारीच ये.