तुती केवळ कलली आहे

१४ जून, बुधवार. सकाळी सहा.
काल दुपारी वादळ झालं. अकरा मिनिटं. मी घड्याळ लावून मोजली. बाकीची गल्ली नुसती ओरडत होती. निम्म्या घरांची कौलं उडाली, वीज गेली. माझी तुती कलली.
पडलेली नाही. कलली आहे. मुळं वर आली आहेत आणि फांद्या छपरातून माझ्या पुस्तकांच्या खोलीत उतरल्या आहेत, एवढंच.
हे झाड एकसष्ट वर्षांपूर्वी मी लावलं, स्वतःच्या हातांनी. माझी पहिली कविता त्याच दुपारची.
रोविली ही तुती मी माझ्या करी,
बहरली कविता तिच्या फांदीवरी.
पस्तीस वर्षं आठवीच्या मुलांकडून पाठ करून घेतली. काय दिवस होते! मुलं रडायची.
संकल्प: तुती पुन्हा उभी करणे. शेजाऱ्यांकडून काहीही न घेणे. वादळावर दीर्घकाव्य, चव्वेचाळीस कडवी, रविवारपर्यंत.

सकाळी दहा.
समोरचा चेदा यांत्रिक करवत घेऊन हजर. ट्रॅक्टर दुरुस्त करतो. याला मी कवितेत दोनदा नापास केलं होतं. म्हणाला, मास्तर, तासाभराचं काम आहे, कापून टाकू, शनिवारी मोठा पाऊस सांगितलाय. मी त्याला पूर्ण नावाने म्हणालो, चेदोमिर, तू कवितेचीही अशीच चिरफाड करायचास. तो म्हणतो, हो मास्तर, पण कविता कधी कुणाच्या छपरावर पडली नाही. आणि हसला.
त्याचा डोळा कशावर आहे ते मला कळतं. तुतीच्या लाकडाच्या पिंपात मुरलेली राकिया, म्हणजे आमची फळांची दारू, कशी होते, हे सबंध बानात प्रांताला ठाऊक आहे. हाकलून दिला.

१५ जून, गुरुवार.
वीज नाही. फ्रीझर वितळू लागले. या लोकांच्या घरात पुस्तक एक नसेल, पण अर्धं डुक्कर गोठवलेलं असतंच. ते आता सगळं एकदम शिजवायला हवं. म्हणून शेजारच्या म्हाताऱ्या मिलुंकाने भर रस्त्यात तिवईवर मोठं पातेलं चढवलं. आभाळ कोसळलंय, आणि गल्ली रश्श्यात तिखट किती यावरून भांडतेय. मी खिडकी लावून घेतली. वास काही खिडकीला जुमानेना.
मिलुंकाने तावदान ठोठावून ताट आत सरकवलं. खा मास्तर, म्हणाली, नाहीतर कुत्र्याला घालावं लागेल, आणि कुत्रा सकाळपासून नको म्हणतोय.
अन्नाचा अपमान नको म्हणून खाल्लं. तीन वेळा.
काव्य: अर्धं कडवं. गोंगाट फार.

संध्याकाळी.
गेट फांद्यांखाली असल्याने सध्या रस्त्याकडच्या खिडकीतून ये-जा करतो. मिलुंकाने बाहेरच्या बाजूला धार काढायचं स्टूल ठेवलंय. मी मागितलं नव्हतं. मी पाय ठेवतो तो केवळ ते वाटेत आहे म्हणून.

१६ जून, शुक्रवार.
खांबावर काळ्या चौकटीचा कागद. कोण गेलं म्हणून स्टुलावरून उडी मारून धावलो. वाचतो तर काय:
‘कळवण्यास अत्यंत दुःख होते की आमचे लाडके धुरांडे, वय बेचाळीस, वादळात अकस्मात वारले. मागे एक चूल व चार खोकणारे. अंत्यविधी आज पाच वाजता. आपापले फावडे आणणे. शोकाकुल: चेदा आणि कुटुंब.’
दुपारपर्यंत आणखी तीन. कोंबड्यांचं खुराडं (मागे विधुर कोंबडा). एक मोरी. मिलुंकाचा फ्रीझर, ‘आयुष्यभर थंड डोक्याने वागला’.
मृत्यूची ही टिंगल! आणि शुद्धलेखन! चार कागदांत एकोणीस चुका. लाल पेन्सिल घेऊन गेलो आणि सगळे तपासले. चेदाला दहापैकी दोन.
पाच वाजता ही माणसं खरंच फावडी घेऊन आली. विटा उचलल्या, धुरांडं साताच्या आत उभं. मग एकेक घोट राकिया, त्यातला थेंब जमिनीवर मृतासाठी, बाकी स्वतःसाठी. थिल्लर लोक.
परत येताना पाहिलं, माझ्या दोन गुणांखाली कुणीतरी लिहिलंय: धन्यवाद मास्तर, पुढच्या वेळी नीट मरू.

रात्री आठ.
चेदा स्टुलावर बसून खिडकीतून बोलला. मास्तर, तुतीचा कागद लावायचा का? मी म्हणालो, जी गेलेली नाही तिचा कागद कसला? तो म्हणाला, तेच ना, घरच्यांनी सांगितल्याशिवाय आम्हाला लावता येत नाही, आणि कागद नाही तर वेळ कोण ठरवणार, माणसं कशी येणार? तुम्ही फक्त हो म्हणा.
कारस्थान. पिंपासाठी चाललंय सगळं.
एक नोंद, सत्याला धरून: तुती लावताना पर्सिडा, माझी दिवंगत पत्नी, मदतीला होती. नवी नवरी होती. माती वगैरे लोटली असेल.

१७ जून, शनिवार. दुपार.
प्रयोग. पर्सिडाची कपडे वाळत घालायची दोरी तुतीच्या बुंध्याला, दुसरं टोक विहिरीच्या खांबाला, मध्ये मी. निसर्ग माणसाच्या इच्छाशक्तीपुढे झुकतो, असं मी आठवीला शिकवत असे.
दोरी तुटली. मी टोमॅटोच्या वाफ्यात. मिलुंकाने कुंपणावरून विचारलं, मास्तर, झाड उठलं का? नाही म्हटल्यावर म्हणाली, मग तुम्ही तरी उठा.
या बाईला संवेदना नाही.

रात्री.
पाऊस आला. भोकातून आत, तुतीच्या पिकल्या फळांवरून गळत, जांभळा. दीर्घकाव्याची वही जांभळी झाली (कडवी एकूण दोन). मग वाचनमाला, मग पर्सिडाने शिवलेली गादी. मी छत्री धरून कपाटापाशी उभा राहिलो. कपाट मोठं, छत्री एक.
चेदा खिडकीतून आत आला, मागून मिलुंका प्लॅस्टिकची ताडपत्री घेऊन. मी बाहेर व्हा म्हणालो. चेदाने कपाट पुस्तकांसकट पाठीवर घेतलं आणि स्वयंपाकघरात नेताना धापा टाकत म्हणू लागला: रोविली ही तुती मी माझ्या करी... अख्खी कविता, एकही चूक नाही. मी थक्क. तो म्हणाला, दोनदा आठवी केली मास्तर, जाईल कुठे?
मिलुंका ‘माझ्या करी’ला खोकली.
एक भांडं भरलं की दुसरं, असे तिघं बसलो. मिलुंका म्हणाली, पर्सिडा असती तर तिने बुधवारीच कुऱ्हाड घेतली असती. छपराच्या भोकातून फांदी दिसत होती. पानं सुकून वळली होती. बुधवारपासूनच, बहुधा.
खड्डा पर्सिडाने खणला. दिशा मी दाखवली.

१८ जून, रविवार. सकाळी सात.
कागद लिहिला. सुरुवातीला चार कडवी होती. मग दोन. मग त्यांच्यासारखाच.
‘कळवण्यास अत्यंत दुःख होते की आमची तुती, वय एकसष्ट, मंगळवारी वादळात पडली. सावली चांगली होती. लावणारा: मी. अंत्यविधी आज चार वाजता. आपापली करवत आणणे.’
काळी चौकट पट्टीने आखली. इतरांसारखी वाकडी नाही. स्वतः जाऊन चिकटवला, धडधड होत असताना. पायऱ्यांमुळे. (स्टुलाला पायरी एकच आहे.)

संध्याकाळी सात.
चारला सबंध गल्ली आली. कुणी थट्टा केली नाही. हे मला जड गेलं. मिलुंकाने साखर घालून उकडलेला गहू आणला, माणूस गेल्यावर करतात तसा. चेदाने करवत चालवण्याआधी टोपी काढली.
सहाला छपरावर नवी कौलं, कुणाच्या घरची कुणास ठाऊक, तीन रंगांची आहेत. बुंधा चेदाने नेला नाही. पिंपाचं काय, मी विचारलं. तो म्हणाला, कसलं पिंप? बुंधा गेटबाहेर आडवा टाकून ठेवलाय, बसायला. आता सगळे त्यावर बसलेत, माझ्या गेटसमोर, मोठ्याने बोलत.
मघाशी खांबापाशी गेलो, कागद आणायला. तपासलाय कुणीतरी, लाल पेन्सिलने. शुद्धलेखनाची चूक नाही. ‘मी’वर काट, आणि वर, मिलुंकाच्या तिरक्या अक्षरात: ‘पर्सिडा. तेव्हा मी बादलीने पाणी घालत होते. मास्तर खिडकीत कविता करत होते.’
दहापैकी सात.
माझी पेन्सिल खिशातच ठेवली.
सात जरा जास्तच दिले.
बाहेरून हाक मारतायत. बुंध्यावर जागा ठेवलीय म्हणे. स्टुलाची आता गरज नाही, गेट उघडतं.