शहापूरच्या घराची पाटी उतरवायची नाही

मी, श्रीमती विभावरी चंद्रहास देसूरकर, वय सत्त्याहत्तर, राहणार शहापूर, बेळगाव, सध्या मुक्काम मुलाकडे, ॲडम्सटाउन, ल्यूकन, आयर्लंड, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा त्यांच्याबद्दल विचारत नाही. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. मुलगा यशोधन याने घर विकण्याचे कागद सहा वेळा पुढे केले, त्याला मी माया समजते.

१. फेब्रुवारी २०२० मध्ये तीन महिन्यांसाठी आले आणि कोरोनाने अडकले. यशोधन म्हणतो, "आई, त्या गावात आता आपलं काय राहिलंय? इथेच राहा." प्रश्न रास्त आहे.

२. पाटल्या सून सानिकाला. माझ्या फोडणीने स्मोक अलार्म रोज बोंबलला, ती बिचारी एकदाही नाही. मोहनमाळ नात स्वानंदीला, माझ्याशी एक तरी वाक्य मराठीत बोलेल या अटीवर.

३. यजमान सीमालढ्यात सतरा दिवस तुरुंगात होते. बेळगाव महाराष्ट्रात आणायला गेले आणि फर्मास कन्नड शिकून परतले. त्यांची दंडावरची काळी फीत यशोधनला.

४. पितळी डबा शेजारीण शांतव्वाला. चाळीस वर्षे एक नोव्हेंबरला ती लाल-पिवळे लुगडे नेसून कर्नाटकाच्या राज्योत्सवाला जाते आणि मी काळी फीत बांधून निषेधाच्या फेरीला. संध्याकाळी तिच्या कट्ट्यावर बसून आम्ही एकमेकींच्या सरकारचा उद्धार करतो आणि त्याच डब्यातला कुंदा खातो. गेल्या वर्षी इथे फीत बांधली, तर स्वानंदी म्हणाली, "आज्जी, हॅलोवीन वॉज येस्टरडे!" दिवसभर भांडायला कुणी नव्हते. मला फार रडू आले.

५. घराच्या दारावर मराठी पाटी आहे. ती उतरवा म्हणून आजवर तिघे आले, तिघांनाही शांतव्वाने कन्नडमधून पिटाळले. यशोधनने शोधलेले गिऱ्हाईक मात्र म्हणते की आधी पाटी काढू. सबब मी आहे तोवर घर विकायचे नाही. माझ्यामागे ते यशोधनचे. पाटी काढायचीच झाली तर शांतव्वाला विचारून.

६. लिंबाच्या लोणच्याची बरणी शेजारच्या नूआलाबाईंना ठेवणार होते. त्या मूळच्या डेरीच्या, म्हणजे इथल्या सीमातंट्यातल्या गावच्या. सीमाप्रश्न सांगितला तेव्हा त्यांनी एकही प्रश्न न विचारता चहाला आधण ठेवले. पण ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही म्हणे, म्हणून हे कलम रद्द. लोणचे उद्या हातानेच देईन.

७. चोवीस ऑक्टोबरचे तिकीट काढायला लावले आहे. शांतव्वाला फोन केला. ती म्हणाली, "या की हो बाई. पण बेळगाव काय महाराष्ट्रात जात नाही बघा." मी म्हटले, "ते आल्यावर बघू."

८. कलम दोनची अट आत्ताच पूर्ण झाली. मी पुटपुटत लिहिते, ते स्वानंदी मागे उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "आज्जी, जाऊ नको." माळ तिच्या गळ्यात घातली. तिकीट कायम आहे.

सही: विभावरी चं. देसूरकर

साक्षीदार, दोघींनी माझ्यादेखत सह्या केल्या:
१. नूआला डोहर्टी (सर्दीमुळे खिडकीबाहेरून)
२. नंदा प्रल्हाद केळुसकर

ॲडम्सटाउन, ९ ऑक्टोबर २०२१