पेटीतल्या चार जावा

३ मार्च, सोमवार

आणली! त्या कार्टीने ती पेटी शेवटी घरात आणलीच.

चिरंजीवांच्या कचेरीतली पेटी. चिरंजीव म्हणजे माझा मुलगा, लोकांच्या घरांचे नकाशे काढतो. कचेरीतले सगळे कॉम्प्युटर म्हणे या एका पेटीला जोडलेले असायचे. सर्व्हर म्हणतात तिला. पुढे सगळं काम इंटरनेटवर गेलं आणि ही गेली अडगळीत. अंगावर झाडू, पुठ्ठे, कुणाची तरी मोडकी छत्री. भंगारात जाणार होती. नात म्हणाली, "मला द्या. मी हिला पुन्हा उभी करते."

उभी कसली, आडवीच आहे! लांबीला माझ्या पलंगाची निम्मी. वजन विचारू नका. दोघांनी धरून आणली आणि तिसरा मागून "जपून, जपून" करत आला. तो तिसरा म्हणजे चिरंजीव. लहानपणापासून असाच – ओझं दुसऱ्याचं, सूचना याच्या.

मग ठेवायची कुठे? चालू करून पाहिली आणि सगळे कानांवर हात ठेवून पळाले. पंखे असे बोंबलतात, वाटतं आता ही पेटी छत फोडून उडणार. सूनबाई म्हणाली, "माझ्या खोलीत नाही." चिरंजीव म्हणाले, "बैठकीत तर शक्यच नाही." मी म्हटलं, "माझ्या खोलीत ठेवा. कानातलं यंत्र काढलं की मला तुम्हीसुद्धा ऐकू येत नाही, तिथे ती काय!"

आजी किती समजूतदार, म्हणाले सगळे. म्हणू देत.

(हे लिहितेय टायपिस्टबाई. शेजारी राहते. जन्मभर कचेरीत टाइप करून हात झिजवले. मला अक्षर येत नाही आणि तिला बातमीवाचून करमत नाही, म्हणून आमचं जमतं. माझ्या खोलीत कुणी नसतं तेव्हा येते. मी बोलते, ती लिहिते, कागद तिच्याच घरी जातात. त्यामुळे सूनबाईबद्दल बोलायला मी मोकळी!)

४ मार्च

सूनबाईने पेटीवर फुलाफुलांची चादर घातली. नातीने ओढून काढली – "आई, गुदमरेल ती!" पेटी गुदमरेल! माझ्या तोंडावरचं पांघरूण काढायला आजवर कुणी असं धावलं नाही.

६ मार्च, गुरुवार

आज पेटीचं पोट उघडलं. समोरच्या बाजूला चार खण, खणाला खटका. खटका दाबला की खण सटकन बाहेर येतो. प्रत्येकात एक हार्ड डिस्क – जाडजूड पाटीसारखी. जुन्यांतली एक मेलेली. बाकीच्या तिघी दाढदुखी झाल्यासारख्या कटकट करतात. चिरंजीवांचे सगळे जुने नकाशे त्यांच्या पोटात. लोक अजून विचारायला येतात म्हणे – ही भिंत आतून पोकळ आहे का, तो पाइप कुठून गेलाय. नातीने ते नकाशे आधी अलगद बाहेर काढले आणि मग चार नव्या कोऱ्या डिस्क बसवल्या.

मग त्यात लिनक्स घातलं. मी विचारलं, "ते काय असतं?"

"पेटीला चालवतं ते, आजी. फुकट मिळतं. कुणाच्या बापाचं नसतं."

"मग तुझ्या बापाला आवडायचं नाही."

काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं धावतात. मला ती अक्षरं आणि मुंग्या सारख्याच. नात हळूच म्हणाली, "आजी, बाबांनाही यातलं काही वाचता येत नाही." अहाहा! जन्मात पहिल्यांदा मी आणि चिरंजीव एका इयत्तेत!

पण खरी गंमत पुढेच. म्हणाली, "या चौघी मिळून सगळं सांभाळतात. एखादी गेली तरी उरलेल्या तिघी तिच्या पोटात काय काय होतं ते बरोबर सांगतात."

मी म्हटलं, "जावा आहेत की गं या! एक माहेरी गेली की बाकीच्या तिघी तिचं सगळं सांगतात!"

भवानी हसून हसून पलंगावर आडवी झाली. "आणि ती परत आली ना आजी, की तिला सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागतं. दीड-दोन दिवस जातात त्यात."

"आमच्यात आठवडा जायचा."

तर आता त्या चौघींचं एकमेकींशी जुळवणं चाललंय. ते पुरं झालं की नकाशे आत भरायचे, त्यांची आणखी एक नक्कल काढायची. "मग मी मोकळी," म्हणाली.

"मोकळी म्हणजे?"

"म्हणजे जायचं ना, आजी."

हो. ते राहिलंच सांगायचं. तिला नवी नोकरी लागलीय. लांब, विमानाने जावं लागतं एवढी लांब. चिरंजीवांनीच कुणाकुणाला सांगून जमवली. बापाला कबूल केलंय तिने – हे नकाशे सुखरूप लावते आणि निघते.

८ मार्च

नात रोज संध्याकाळी ऑफिसातून आली की माझ्या पलंगावर. मांडीवर लॅपटॉप, पाय माझ्या पांघरुणात. बर्फ आहेत नुसते! मी ओरडते, ती आणखी आत सरकवते. पेटी बोंबलतेय, ही टकटक करतेय, मी सूनबाईची नक्कल करून दाखवतेय. ही पेटी यायच्या आधी जेवलं की ज्याचं दार त्याने लावून घ्यायचं. माझ्या खोलीत यायचे ते फक्त गोळ्या घेतल्या का विचारायला.

१० मार्च, सोमवार

आज एक घोटाळा झाला. मी फडक्याने पेटी पुसत होते. (खोलीत पाहुणी आहे, तोंड नको पुसायला तिचं?) कुठेतरी खटका दाबला गेला आणि उजवीकडून दुसरा खण – सट्! हातात! पेटी पीं पीं करायला लागली. लहान पोराचा हात सोडल्यासारखी. मी ढकलला परत आत. तरी पीं पीं. मग कानातलं यंत्र काढून ठेवलं आणि पडून राहिले. शांत वाटलं.

संध्याकाळी नात किंचाळली. "आजी! एक डिस्क निसटली होती! आता परत पहिल्यापासून सगळं!"

"पहिल्यापासून म्हणजे?"

"म्हणजे आणखी दोन दिवस मी इथेच बसलेली दिसेन तुला."

असं का. बरं.

११ मार्च

टायपिस्टबाई विचारते, चुकून झालं ना? कालचं चुकूनच झालं.

१२ मार्च

आजचं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

नातीने आज सगळ्या वायरी काढून पुसून परत लावल्या. मग म्हणाली, डिस्कच खराब निघाली असणार. गेली ती घेऊन दुकानात. दुकानदार म्हणाला, "ताई, डिस्क ठणठणीत आहे. तुमच्या घरात काहीतरी बिघाड आहे." शहाणा माणूस! तरी हिने भांडून बदलून आणलीच. नवी जाऊ आली, म्हणजे तिला सगळं घर पहिल्यापासून सांगणं आलं. मला आज हात हलवावाच लागला नाही.

१५ मार्च

नव्या जावेलाही जरा माहेरी पाठवून आणलं.

टायपिस्टबाईने पेन खाली ठेवलं. "मी हे लिहिणार नाही. पोरीचं काम नासवतेस तू."

मी म्हटलं, "नको लिहूस. मग मीही तुझ्या सुनेला सांगते, तुझ्या औषधाच्या डबीत लिमलेटच्या गोळ्या कशा आल्या."

लिहितेय. अक्षर जरा रागावलेलं असेल, मला काय दिसतंय!

पण एक सांगते. नासवत काही नाही मी. नातीला नीट विचारून घेतलंय – एक निघाली तर काही बिघडत नाही, दोघी एकदम गेल्या तरच सगळं जातं. म्हणून मी नेहमी तीच काढते, उजवीकडून दुसरी. बाकीच्या तिघींच्या वाटेला जात नाही.

१७ मार्च, सोमवार

चिरंजीवांना काल शोध लागला. कमरेवर हात ठेवून पेटीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "उंदीर!"

सूनबाई स्वयंपाकघरातून आली. "काय म्हणालात? माझ्या घरात उंदीर?"

"मग खण आपोआप बाहेर येतो?"

"तुमच्या कचेरीतून आलीय ना ती? तिकडचेच असतील आत!"

झालं. कचेरी, माहेर, मागच्या वर्षी न लावलेला नळ – सगळं निघालं बाहेर. मी नातीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. दोघींनी मान खाली घातली, नाहीतर फुटलोच असतो.

आता माझ्या पलंगाखाली पिंजरा आहे. आत बिस्किटाचा तुकडा. मऊ पडायच्या आधी मी खाल्ला. आज सकाळी चिरंजीव पिंजरा हलवून म्हणाले, "पाहिलंत? खाऊन गेला!"

१८ मार्च

पिंजऱ्यात आज क्रीमचं बिस्किट ठेवलंय. उंदराची बडदास्त वाढतेय!

२० मार्च, गुरुवार

आज हसायचं काही नाही.

काल संध्याकाळी फोन आला नातीला. नव्या नोकरीतून. माझ्याच खोलीत बोलली. "हो सर… हो, थोडं काम राहिलंय घरी… समजतं मला सर." फोन ठेवला. म्हणाली, महिनाअखेरपर्यंत थांबतील. नाहीतर दुसऱ्या कुणाला घेतील.

चिरंजीव दारातच उभे होते. एवढे चिडलेले मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. "एका भंगार पेटीपायी नोकरी घालवणार आहेस? नकाशे गेले खड्ड्यात! तुझं काय होणार ते बघ आधी!"

पोरगी लॅपटॉपचं झाकण उघडायची आणि मिटायची. मी म्हटलं, "आवाज खाली घे. म्हातारं माणूस झोपलंय इथे." पण विनोद काही बसला नाही. चिरंजीव निघून गेले. पेटी तेवढी बोंबलत राहिली.

टायपिस्टबाईला आज सगळं सांगितलं. ती मान खाली घालून लिहीत राहिली. तिचं न बोलणं फार लागतं. ओरडली असती तर मी बोलणं लिमलेटवर तरी आणलं असतं.

मी काय केलं? पोरीला माझ्या खोलीत बसवून घेतलं, एवढंच ना! पण तिच्या जागी तिथे दुसरं कुणी जाऊन बसलं, तर ही काय जन्मभर माझ्या पांघरुणात पाय घालून बसणार आहे? आणि पांघरुणात मी तरी किती दिवस आहे!

बास. आता हात लावणार नाही.

२१ मार्च

नाही लावला. आज पेटी पुसलीसुद्धा नाही. धूळ बसली तर बसू दे मेलीवर.

२२ मार्च, शनिवार

सूनबाईने माळ्यावरून मोठी बॅग काढली. झटकली माझ्याच खोलीत. मग पुसायला लागली – किती वेळ पुसत होती! पुसून झाली, तरी पुसत होती. मी पहिल्यांदाच तिची नक्कल करायचं मनात आणलं नाही.

आता लोकरीचे मोजे शोधायला लागली आहे. "तिकडे थंडी असते," म्हणाली. मी म्हटलं, "तिच्या पायांना इकडेही असते." दोघी मिळून शोधले. एकाच पायाचे दोन सापडले.

२४ मार्च

जुळवणी पुरी झाली. चौघी आता सुरात आहेत म्हणे. नकाशेही आत गेले. उद्या संध्याकाळपर्यंत दुसरी नक्कल निघेल. चिरंजीव विमानाचं तिकीट बघतायत. नात म्हणाली, "आजी, झालंच बघ." मी म्हटलं, "शाब्बास."

पेटीकडे पाठ करून पडलेय.

२५ मार्च, मंगळवार

टायपिस्टबाई, दार लावून घे आधी. आता लिही.

मी दुपारची पडले होते. डोळे मिटलेले – म्हणजे मी मिटते तेवढेच. नात ऑफिसातून मध्येच घरी आली. दारात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. मी एक घोरणं सोडलं. तशी चपला हातात घेऊन पेटीपाशी गेली.

माझ्या खणाला तिने बोटही लावलं नाही. तिचा वेगळाच आहे – डावीकडून पहिला. अंगठ्याने खटका, दोन बोटांनी खण बाहेर, जरा थांबली, परत आत. पेटी पीं करायच्या आधी बाईसाहेब दाराबाहेर! काय सराईत हात!

मी डोळे मिटून घेतले – या वेळी पुरते.